पाणी चढण्याआधी भरायचा डबा

अभ्यासपाठ : आनुवंशिक चयापचय आजार असलेल्या मुलांच्या घरची आपत्कालीन तयारी



या तिमाहीचा पाठ माझ्याच एका चुकीपासून सुरू करते. ती चूक कबूल केल्याशिवाय पुढचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली आणि कितीतरी घरे उजाड झाली. त्या दिवसांत मी नदीकाठच्या एका गावाजवळ, उंचावरील शाळेत उघडलेल्या निवारा केंद्रात काम करत होते.

त्या केंद्रात एक कातकरी कुटुंब होते. मूळचे साताऱ्याच्या पश्चिम डोंगरातले, मजुरीसाठी खाली आलेले. नवरा एका बागायतदाराच्या मळ्यात राखणीला होता आणि तिथल्याच खोपटात ते राहत. त्यांची चार वर्षांची मुलगी मला चांगली माहीत होती. तिला यकृताचा जन्मजात आजार आहे, आदल्या वर्षी मुंबईत त्याचे निदान झाले आहे आणि दर चार तासांनी एक पांढरी पूड पाण्यात कालवून तिला पाजायची असते, एवढे मला ठाऊक होते. पूड कशासाठी आणि चुकली तर काय होते, हे मात्र मी कधी समजून घेतले नव्हते. मुंबईची चिठ्ठी आली, पूड मिळाली, माझ्या वहीत त्या घरासमोर बरोबरची खूण झाली.

रात्री पाणी मळ्यात शिरले तेव्हा माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. पुडीचा डबा खोपटात राहिला. दवाखान्याची फाइल पत्र्याच्या पेटीत होती, ती पेटीही राहिली. केंद्रात पोरीला सगळ्यांसारखेच दूध आणि बिस्किटे मिळाली. मध्यरात्रीनंतर आई माझ्याकडे आली.

“ताई, पोर लई घामेजलीय. हाक मारली तर डोळं उघडंना. तिची पूड घरातच ऱ्हायली.”

मी म्हणाले, “दमली आहे गं. झोपू दे तिला. सकाळी बघू.”

पहाटे पाचला मुलीला झटका आला. ट्रॅक्टरमधून आम्ही तिला जवळच्या एका दवाखान्यात नेले. तरुण डॉक्टरांनी विचारले, “काय आजार आहे?” मी सांगितले, “साखरेचा आजार आहे.” आपल्याकडे साखरेचा आजार म्हणजे मधुमेह. त्यांनीही तेच समजून घेतले. सुदैवाने त्यांनी बोटातून रक्त घेऊन तपासले आणि आकडा पाहून ते दचकले. साखर वाढलेली नव्हती, जवळपास संपली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पोरीने डोळे उघडले. दुपारी बाटली संपली तेव्हा ती उठून बसली होती, म्हणून दुसरी लावली नाही. संध्याकाळी साखर पुन्हा उतरली. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या डॉक्टरांशी फोन लागला तेव्हा कुठे उपचाराला दिशा मिळाली. मुलगी वाचली. माझ्या “झोपू दे”मुळे नव्हे, त्याच्यानंतरही वाचली.

त्या तरुण डॉक्टरांना मी दोष देत नाही. असा रुग्ण त्यांनी बहुधा त्याआधी पाहिला नसेल. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केल्यापासून हा परिसर वैद्यकीय सेवेसाठी ओळखला जातो. आमच्या भागात डॉक्टर नाहीत असे कोणी म्हणणार नाही. त्या सकाळी कमी पडला तो आमच्या हातातला एक कागद आणि खोपटात राहिलेला एक डबा. या पाठाचा सगळा भर त्या दोन वस्तूंवर आहे.

१. आजार समजून घेऊ

आपण जेवतो त्या अन्नाचे शरीर तुकडे करते, त्यातून शक्ती काढते, उरलेले साठवते आणि नको ते बाहेर टाकते. या सगळ्या कारभाराला चयापचय म्हणतात. त्यातले प्रत्येक काम करायला शरीरात एकेक विकर असते, डॉक्टर त्याला एन्झाइम म्हणतात. एखादे विकर जन्मतःच नसेल किंवा निकामी असेल तर ते काम अडते. अशा आजारांना आनुवंशिक चयापचय आजार म्हणतात. त्यांचे प्रकार शेकडो आहेत. एकेक प्रकार दुर्मीळ असला तरी सगळे मिळून ते तितके दुर्मीळ राहत नाहीत.

आपल्या मुलीचा आजार म्हणजे ग्लायकोजेन साठवण आजार, प्रकार १. फॉन गिर्के या जर्मन डॉक्टरांनी १९२९ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचेही नाव आहे. वस्तीवर समजावताना मी कणगीचे उदाहरण देते. सुगीत आपण कणगी भरतो आणि पावसाळ्यात त्यातले धान्य काढून खातो. यकृत ही शरीराची कणगी आहे. जेवणातली जास्तीची साखर ते ग्लायकोजेनच्या रूपात साठवते आणि रात्री पोट रिकामे झाले की थोडी थोडी रक्तात सोडते. या मुलांच्या कणगीत धान्य भरपूर असते, पण तोंड लिंपून टाकलेले असते. ते उघडणारे विकर नसते. त्यामुळे यकृत फुगत जाते आणि रक्तात मात्र साखरेचा दुष्काळ पडतो. निरोगी मूल रात्रभर उपाशी झोपले तरी सकाळी उठून खेळते. या मुलाला तीन-चार तासांची उपासमारही जड जाते.

मग पांढरी पूड कशासाठी? ती मक्याचा कच्चा स्टार्च आहे, किराणा दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळते ती. कच्चा स्टार्च पोटात हळूहळू पचतो आणि काही तास थोडी थोडी साखर पुरवत राहतो. १९८४ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी हा उपाय प्रसिद्ध केला. त्याआधी अशा मुलांना रात्रभर नळीतून अन्न द्यावे लागे. इतके साधे औषध क्वचितच सापडते, पण त्याचे नियम काटेकोर आहेत. ते साध्या किंवा गार पाण्यात कालवायचे. गरम करायचे नाही, शिजवायचे नाही, लिंबू पिळायचे नाही, नाहीतर ते लवकर पचून जाते आणि चार तास टिकत नाही. प्रमाण मुलाच्या वजनावर असते आणि ते डॉक्टरच ठरवतात. दळून आणलेले पिवळे मक्याचे पीठ त्याच्या जागी चालत नाही. एका घरी आजीने प्रेमाने त्याच पिठाची पेज करून पाजली होती. तिला वाटले, मका तो मका.

२. कुपोषण समजून सोडून देऊ नका

या मुलांचे पोट पुढे आलेले असते, हातपाय बारीक, उंची कमी, गाल फुगीर. वस्तीवर असे मूल दिसले की आपण म्हणतो कुपोषण आहे, जंत झालेत, मुडदूस आहे. जंताचे औषध आणि पोषण आहार देऊन आपण पुढे जातो. आपली मुलगी तीन वर्षे अशीच यादीत राहिली. पुढील खुणा दिसल्या तर वजनकाट्यावर थांबू नका :

– सकाळी उठायला फार वेळ लागतो, उठताना घाम, थरथर, चिडचिड; खाल्ले की तरतरी येते.
– साध्या तापात किंवा उलटीत मूल अचानक सुस्त पडते, जोरजोरात श्वास घेते, झटके येतात.
– त्याच घरात आधीचे एखादे मूल तान्हेपणी कारण न समजता गेलेले आहे.
– लघवीला, घामाला किंवा कानातल्या मळाला नेहमीपेक्षा वेगळा वास येतो. हे प्रथिनांच्या काही आजारांत दिसते.

असे मूल राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते आणि पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. पथकाची तारीख अंगणवाडी ताईंकडून आधी घेऊन ठेवा. मजुरीला गेलेले घर त्या दिवशी वस्तीवर नसते. मूल सुटते ते बहुधा तिथेच.

३. दोष आईचा नाही

निदान झाल्यावर घरात पहिला प्रश्न येतो तो कुणाकडून आले याचा. उत्तर बहुतेक वेळा आईवर ढकलले जाते. म्हणून हे नीट सांगा : यांतील बहुतेक आजारांत दोष आई आणि बाबा दोघांकडून मिळून येतो. दोघांकडेही एकेक चांगली आणि एकेक बिघडलेली प्रत असते, म्हणून ते स्वतः धडधाकट असतात. दोन्ही बिघडलेल्या प्रती मुलाकडे आल्या तरच आजार होतो. प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब मात्र नसतो.

सातारा-सांगलीकडे मामाची मुलगी करण्याची रीत अनेक जातीजमातींत आहे. जवळच्या नात्यात एकच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. नात्याबाहेरच्या लग्नातही असे आजार होतात, पण कमी. हे सांगताना कुणाच्या रीतीला नावे ठेवू नका. आपल्या मुलीच्या आईला सासरी पांढऱ्या पायाची म्हणत. मी तिच्या सासूला हाताच्या चार बोटांवर हा हिशेब समजावला. सासू बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “म्हंजी माझ्या पोराकडूनबी आलंय.” त्यानंतर रात्री दोनची वाटी सासू पाजू लागली.

४. या घरांची आपत्ती वेगळी का असते

पुरात इतरांना भीती पाण्याची असते. या घरांना भीती घड्याळाची असते. पाणी उंबऱ्याला लागलेले नसले तरी रस्ता तुटला, दुकान बंद झाले, वीज गेली आणि गजर वाजायचा फोन बंद पडला की या मुलाची आपत्ती सुरू झाली. कोयनेचा भाग भूकंपाचाही आहे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. शिवाय या मुलांसाठी आपत्ती दर महिन्यालाही येऊ शकते. साधी उलटी, जुलाब, घसा दुखून जेवण सुटणे किंवा लग्नघरात जेवायला झालेला उशीर यातली कोणतीही गोष्ट पुराइतकीच भारी पडते. म्हणून तयारी पावसाळ्यापुरती नसावी.

५. घरची तयारी : पाच गोष्टी

पहिली, पत्र. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून सही-शिक्क्याचे एक पानी आपत्कालीन पत्र घ्या. कोणत्याही दवाखान्यातल्या डॉक्टरांना वाचता यावे म्हणून ते इंग्रजीत हवे आणि खाली घरच्यांसाठी मराठीत हवे. आपल्या मुलीच्या पत्रात आता असे आहे : आजाराचे नाव. त्याखाली मोठ्या अक्षरांत “हा मधुमेह नाही”. आल्याबरोबर रक्तातील साखर तपासा. शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज सुरू करा, वेग वजनाप्रमाणे. रिंगर लॅक्टेट देऊ नका, कारण या आजारात रक्तात लॅक्टेट आधीच वाढलेले असते. ग्लुकागॉनच्या इंजेक्शनचा उपयोग होत नाही. मूल बरे दिसले तरी सलाइन एकदम बंद करू नका. शेवटी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे दूरध्वनी. मूल वाढते तसे वजन आणि प्रमाण बदलते, म्हणून पत्र दर सहा महिन्यांनी नवे करून घ्या. एक प्रत डब्यात, एक दाराच्या आतल्या बाजूला, एक आशाताईंकडे ठेवा. फोनमध्ये फोटो असावा, पण फोनवर भिस्त ठेवू नका.

दुसरी, डबा. घट्ट झाकणाचा, एका हाताने उचलता येईल असा. त्यात पंधरा दिवसांचा स्टार्च, ग्लुकोज पावडर, मोजायचा चमचा आणि वाटी, पिण्याच्या पाण्याची बाटली, चालू औषधे, पत्र, आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स, काडेपेटी, टॉर्च. साखर तपासायचे यंत्र मिळाले तर पट्ट्यांसह. प्रत्येक वस्तू दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत बांधा. डबा पेटीत, माळ्यावर किंवा कुलपात नको, दाराशी खुंटीला हवा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जुना स्टार्च वापरायला काढून नवा भरा.

तिसरी, घड्याळ. चावीचे किंवा सेलचे गजराचे घड्याळ, फोनचा गजर नव्हे. निवारा केंद्रात गजराने इतरांची झोप मोडेल म्हणून आया तो बंद करतात. तिथल्या प्रमुखांना आधीच सांगून ठेवा.

चौथी, माणसे. आई-बाबांशिवाय आणखी दोघांना वाटी कालवता आली पाहिजे आणि धोक्याच्या खुणा ओळखता आल्या पाहिजेत. खुणा अशा : घाम, पांढरेफटक पडणे, हातपाय गार, वेडेवाकडे बोलणे, न उठणे, धाप लागणे. काही मुलांमध्ये साखर बरीच उतरली तरी खुणा दिसत नाहीत. म्हणून खुणांची वाट न पाहता वेळ पाळायची. मूल शुद्धीवर असेल तर ठरवून दिल्याप्रमाणे ग्लुकोजचे पाणी पाजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. मुलाला कुशीवर झोपवा, ओली केलेली ग्लुकोज पावडर बोटाने गालाच्या आतून चोळा आणि निघा. झटका चालू असेल तेव्हा तोंडात बोट किंवा चमचा घालू नका.

पाचवी, वाट. नेहमीचा रस्ता तुटला तर दुसरी वाट कोणती, झोळी कोण उचलणार, गाडी कुठपर्यंत येते, हे कोरड्या दिवसांत चालून पाहा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते. ११२ वरही मदत मागता येते आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. पावसाचा मोठा इशारा आला की या घराने सर्वांत आधी, उजेड असताना, मोठ्या रस्त्याजवळच्या नातेवाइकांकडे जावे.

६. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका

कार्यकर्त्यांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. वरचा स्टार्चचा नियम एका आजाराचा आहे. दुसऱ्या आजारात तोच उपयोगी पडेल असे नाही.

प्रथिने न पचण्याचे आजार, उदाहरणार्थ मेपल सिरप युरिन आजार किंवा युरिया चक्राचे आजार, यांत मूल आजारी पडले की दूध, डाळ, अंडी, मांस काही काळ थांबवून साखरेतून भरपूर शक्ती द्यावी लागते. किती तास थांबवायचे आणि पुन्हा केव्हा सुरू करायचे, हे पत्रात लिहून घ्या. प्रथिने फार दिवस बंद ठेवली तर शरीर स्वतःचेच मांस तोडू लागते आणि उलटाच परिणाम होतो.

गॅलॅक्टोसेमिया असलेल्या बाळाला दूध चालत नाही, आईचेसुद्धा. मदत म्हणून सर्वांत आधी येते ती दुधाची पावडर. वाटणाऱ्याचा हात चांगल्या मनाचा असला तरी विचारल्याशिवाय तान्ह्याच्या बाटलीत काही घालू नका.

जन्मजात अॅड्रिनल ग्रंथीच्या विकारात स्टेरॉइडची गोळी एक दिवसही चुकू नये. ताप, उलटी किंवा अपघात झाला तर डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे मात्रा वाढवावी लागते. त्याचे इंजेक्शन डब्यात असावे.

जी-६-पीडी या विकराची कमतरता आपल्या आदिवासी भागांत तुलनेने अधिक आढळते. एरवी ही माणसे ठणठणीत असतात. काही औषधांनी, त्यांत हिवतापावरचे प्रायमाक्वीन आले, आणि डांबरगोळ्यांनी त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. डोळे पिवळे होतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. शहरातून आलेल्या जुन्या कपड्यांच्या आणि ब्लँकेटांच्या गाठोड्यांना डांबरगोळ्यांचा वास असतो. ते कपडे धुऊन, उन्हात वाळवूनच वाटा. तान्ह्या बाळांना तर तसे कधीच गुंडाळू नका. मदत पाठवणाऱ्या आपल्या मंडळ्यांनाही हे कळवा.

७. जुलै २०२१

२०१९ नंतर ते कुटुंब डोंगरातल्या आपल्या वाडीवर परतले. मी महिन्यातून एकदा जाऊ लागले, या वेळी वहीत खूण करायला नव्हे. डबा उघडून पाहायचा, घड्याळाला चावी द्यायची, पत्र वाचून घ्यायचे. वाडीतल्या भगताला मी आधी टाळत असे. मग माझ्या लक्षात आले, रात्री-अपरात्री सगळे पहिल्यांदा त्याच्याकडेच जातात. त्याला म्हटले, “काका, तुम्ही अंगारा लावा, पण आधी वाटी पाजली का ते विचारा.” त्याने ते मनावर घेतले.

२२ आणि २३ जुलै २०२१ ला जे झाले ते आपल्याला माहीत आहे. महाबळेश्वरात २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. आमच्या वाडीचा रस्ता दोन ठिकाणी खचला, वीज गेली, फोन बंद झाले. मी खाली अडकले होते. चार दिवस मला तिथली काहीच खबर नव्हती.

नंतर आईने सांगितले ते असे. दुसऱ्या रात्री पोरीला ताप आला आणि दोनची वाटी उलटून पडली. पत्रात लिहिल्याप्रमाणे तिने ग्लुकोजचे पाणी घोट घोट पाजले आणि थोड्या वेळाने पुन्हा स्टार्च दिला. तोही उलटला. दुसरी उलटी म्हणजे दवाखाना, मूल बरे दिसत असले तरी, हा तिचा नियम ठरलेला होता. पोर तेव्हा बोलत होती, हसतही होती. नवरा म्हणाला, उजाडू दे. तिने खुंटीवरचा डबा उचलला. उजाडता उजाडता चार माणसे झोळी घेऊन निघाली, त्यांत पुढच्या खांद्याला भगत होता. वाटेत ते दर थोड्या वेळाने थांबून ग्लुकोज चाटवत होते. खालच्या रस्त्यावर गाडी मिळाली. दवाखान्यात आईने डॉक्टरांच्या हातात आधी पत्र दिले आणि मग पोर दिली. डॉक्टरांनी पत्र वाचले, साखर तपासली आणि १० टक्के डेक्स्ट्रोज लावले. झटका आला नाही. पाचव्या दिवशी ती घरी गेली.

२०१९ मध्ये तिच्यासोबत मी होते आणि २०२१ मध्ये नव्हते. याचा विचार मी पुष्कळ केला आहे. आपण सेवा करतो तेव्हा नकळत आपल्याला वाटते की आपण तिथे असलो म्हणजे झाले. त्या आईला माझी गरज पडू नये, हे माझे खरे काम होते.

८. प्रार्थना आणि उपास

आपल्या घरांतून उत्तम शुक्रवारचा उपास असतो, इतरांकडे एकादशी, श्रावण, नवरात्र असते. या मुलांना कोणताही उपास लावू नये, मोठी झाल्यावरही नाही, गरोदरपणात तर मुळीच नाही. आणि आजारी मुलाला हात ठेवून प्रार्थना करायला बोलावले तर जरूर जा, पण प्रार्थना गाडीत करा. भगताला मी जे सांगितले तेच आपल्यालाही लागू आहे. देवाने दिलेले घड्याळ थांबवून प्रार्थना करायला त्याने कुठे सांगितलेले नाही.

९. पुढची वाट

दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारचे राष्ट्रीय धोरण मार्च २०२१ मध्ये आले. त्याखाली ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रांत आपल्या राज्यातले मुंबईतील परळचे के.ई.एम. रुग्णालय आहे. पुण्यातही त्याच नावाचे रुग्णालय आहे, म्हणून चिठ्ठीवर गाव नीट वाचा. धोरणात बसणाऱ्या आजारांसाठी या केंद्रांमार्फत २०२२ पासून ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. अर्ज केंद्रातूनच होतो. प्रवासाचा खर्च, सोबत कोण जाणार, मागे राहिलेल्या भावंडांना कोण सांभाळणार, ही कामे मात्र आपल्यासारख्यांची आहेत. तलाठी, ग्रामसेवक आणि आशाताईंकडे आपत्तीत आधी हलवायच्या माणसांची यादी असते. गरोदर बाया, अंथरुणाला खिळलेले आणि डायलिसिसवाले त्यात असतात. ही मुले बाहेरून धडधाकट दिसतात म्हणून राहून जातात. त्यांची नावे मे महिन्यातच लिहून घ्या.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत कारण न समजता तान्हे मूल गेलेली घरे किती आहेत? त्यांची पुढची मुले कुणी तपासली आहेत का?
२. आज रात्री रस्ता तुटला तर आपल्या ओळखीच्या आजारी मुलाचे औषध किती दिवस पुरेल? अंदाज नको, जाऊन मोजा.
३. “साखरेचा आजार” या शब्दांनी घोटाळा झाला. आपण घरच्यांना आजाराचे नेमके नाव पाठ करून दिले आहे का?
४. आपल्याशिवाय ते घर कोणती गोष्ट करू शकत नाही? ती त्यांना कधीपर्यंत शिकवणार?

या तिमाहीचे काम : एक घर निवडा. पत्र मिळवून द्या, डबा भरायला मदत करा आणि खुंटी ठोकून या. पुढच्या महिन्यात जाऊन डबा खुंटीवरच आहे ना, ते पाहा. आमच्या वाडीवर गेल्या खेपेला तो नव्हता. मी घाबरून विचारले तर मुलगी स्वतःच डबा पाठीला अडकवून शाळेत गेली होती.